थोरला

घरात थोरलं कोण, असं पाहुण्यानं विचारलं की माझे चुलते तात्या गोठ्याकडं मान वळवत. "त्यो. मी त्येच्या मागचा." यातली चेष्टा अर्धीच. आजोबांनी माण तालुक्यातल्या या माळावर वस्ती केली तेव्हा आधी बैलांसाठी छप्पर घातलं आणि त्याच छपराच्या पश्चिमेकडच्या खणात आजी-आजोबांनी पहिली दोन वर्षं संसार केला. तात्या तिथंच जन्मले. घर मागाहून आलं. तेव्हा वयानं, मानानं आणि कुरकुरीनंही थोरला तोच.

तो कधी ताठ उभा असलेला मी पाहिलेला नाही. लांबीनं पूर्व-पश्चिम पसरलेला, पाठ उत्तरेला, तोंड दक्षिणेला. पाच खण, बाभळीच्या मेढी, लिंबाचं आढं. मधल्या खणात आढ्याला पोक आलेलं. बांधावरून पाहिलं तर गुडघ्यांवर हात टाकून उन्हाला बसलेला म्हातारा वाटायचा. मेढी वर खरखरीत, सालपटं निघालेल्या. पण माणसाच्या कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीत काळ्याभोर, तेल चोळल्यासारख्या गुळगुळीत. त्या उंचीवर तीन पिढ्यांच्या जनावरांनी मानेची खाज भागवलेली. वळचणीला विळे खोचलेले, दाभण खोचलेलं, कधीतरी पोस्टाचं कार्डसुद्धा. भिजवलेली पेंड, ओली वैरण, शेण आणि गोचिडावरच्या औषधाचा मिळून एक वास. पुण्याहून रात्रीच्या एसटीनं उतरलं की अंधारात घर दिसायच्या आधी हा वास भेटायचा. मग दाव्याची कडी वाजायची आणि म्हैस एक लांब उसासा टाकायची. स्वागत एवढंच.

गोठा हा शब्द 'गोष्ठ'वरून आला. गाई जिथं उभ्या राहतात ती जागा. त्याच गोष्ठावरून माणसं जिथं जमतात ती 'गोष्ठी' झाली आणि तिची मराठीत 'गोष्ट' झाली. विदर्भात गोठ्यालाच 'कोठा' म्हणतात. आमच्याकडं तरी गोष्टी घरात कमी आणि गोठ्यातच जास्त झाल्या. धार काढताना माणूस खोटं बोलत नाही, असं आजीचं मत होतं. दोन्ही हात गुंतलेले असतात, तोंड तेवढं मोकळं. भाऊबंदकीची वाटणी, बहिणीचं स्थळ, डोक्यावरचं कर्ज, सगळं आधी त्यानं ऐकलं, मग घरानं. दिवाळीचा पहिला दिवासुद्धा वसुबारसेला त्याच्या दारात लागायचा. घराचा नंबर दुसरा.

त्याच्या अंगावरचे कपडे मात्र एका मापाचे नव्हते.

मूळचा तो कुडाचा. तुरकाट्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर गवताचं छप्पर. मे महिन्यात त्याच्याइतकी गार जागा वस्तीवर नव्हती म्हणतात. दर दुसऱ्या वर्षी मृगाच्या आधी शाकारायचं आणि आगीला भ्यायचं, एवढंच त्याचं मागणं. १९७२ च्या दुष्काळात वैरण संपली तेव्हा आजोबांनी छपरावर चढून वरचं काळं, सडकं गवत बाजूला सारलं आणि आतलं उपसून बैलांपुढं टाकलं. बैलांनी ते खाल्लं. त्या उन्हाळ्यात आमचा थोरला उघड्या वाशांनिशी उभा होता. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं पुष्कळ असतात. त्याचे वासे त्या वर्षी कुणालाही रस्त्यावरून मोजता आले असते.

पुढं पाऊस झाला, चार पैसे आले आणि मधल्या दोन खणांवर मंगळुरी कौलं चढली. बाझेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि कुंभाराच्या हातच्या नळीच्या कौलांऐवजी एकमेकांत खाचेनं बसणारी, साच्यातली, चपटी कौलं पश्चिम किनाऱ्यावरून आत आत येत राहिली. आमच्यापर्यंत यायला त्यांना शंभरावर वर्षं लागली. एकेक कौल अडीच किलोच्या आसपास, चौरस मीटरला पंधरा-सोळा लागतात. म्हणजे खालचे वासे दणकट हवेत आणि पाखाला उतार हवा. कौलाखाली गरम हवा फटींतून निघून जाते, फुटलं तर तेवढंच बदलता येतं. कौलांच्या पोटावर उठवलेली इंग्रजी अक्षरं मी गव्हाणीत उताणं पडून वाचायला शिकलो. इंग्रजीचा पहिला मास्तर तोच, असं म्हटलं तर शाळेतल्या गुरुजींना राग येईल. पण गुरुजींनी इंग्रजी पाचवीत शिकवलं.

पश्चिमेच्या खणाला दगडी भिंती आणि वर माळवद. भिंतीवर तुळया, तुळयांवर किलचान, त्यावर पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. उन्हाळ्यात गार, पौषात उबदार, वर शेंगा वाळत घालायला जागा. माळवदाला दर उन्हाळ्यात नवी पांढरी टाकावी लागते आणि जुनी काढायची आठवण कुणाला होत नाही. एका पिढीची वीतभर, दुसरीची वीतभर, असं करत डोक्यावर दीड फूट माती चढते. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती आमच्या भिंतींवर फार नव्हती, म्हणून बचावलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकते झोपले असताना, किल्लारीला याच बांधणीनं हजारो माणसं गाडली. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मणामणांनी माती. बातमी रेडिओवर ऐकली त्याच दिवशी तात्या खोरं घेऊन माळवदावर चढले आणि संध्याकाळपर्यंत माती खाली ढकलत राहिले. कुणाशी बोलले नाहीत. त्यानंतर त्या खणात जनावर बांधलं नाही. कडबा आणि पेंडीची पोती तेवढी ठेवली.

पूर्वेचे दोन खण पत्र्याचे. एका वळवानं तिथलं गवत उडवून नेलं आणि आठ दिवसांत लोखंडी पाइप आणि पत्रा आला. पत्र्याचं कौतुक करणाऱ्यानं मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्याच्याखाली पाच मिनिटं उभं राहावं. एचएफच्या संकरित गाई थंड मुलखाच्या रक्ताच्या. पारा पंचविशीच्या वर गेला की त्यांचं अंग कुरबुर करू लागतं. चाळिशीत त्या जीभ बाहेर काढून धापा टाकतात, खात नाहीत आणि दूध आटतं. पत्रा आठ दिवसांत उभा राहतो, ताजा असताना गळत नाही, शाकारणी मागत नाही. म्हणून तर सगळीकडं तोच आहे. आमच्याकडं त्यावर उसाचं पाचट टाकलं, पाचट उडू नये म्हणून दगड ठेवले. म्हणजे फिरून गवताच्याच छपराखाली आलो, फक्त मध्ये लोखंडाचे पैसे गेले.

असा हा एका अंगावर चार तऱ्हेची वस्त्रं घातलेला म्हातारा. २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली आणि तो रिकामा राहिला, तेव्हाच पहिल्यांदा मला तो इमारत वाटला. एरवी कधी नाही.

गेल्या वैशाखात मधल्या खणातलं आढं तडकलं. रात्री आवाज झाला, आईनं उठून सहाही जनावरं अंगणात काढली. चार संकरित गाई, एक म्हैस आणि एक खिल्लार गाय, जी तात्यांचा हट्ट म्हणून आहे. सकाळी गावातला सुतार आला, आढ्याखाली टेकू लावला आणि म्हणाला, "दुरुस्ती म्हंजी नवाच." मग आमच्याकडं बैठका सुरू झाल्या. नवा गोठा कसा बांधायचा?

तात्यांचं म्हणणं कौलारू. तस्साच, पाच खणी, त्याच जोत्यावर. "आडं तेवढं सागाचं घाला." चुलतभाऊ मोबाइलवर कोटेशन घेऊन आला: लोखंडी कैच्या, रंगीत पत्रा, खाली कोबा, दोन रांगा, तोंडाकडं तोंड, मधून वैरणीचा रस्ता. सहा जनावरांना दोन रांगा कशाला, असं विचारल्यावर म्हणाला, "उद्या बारा हुतील." ग्रामपंचायतीकडून २०२१ च्या सरकारी योजनेतला गोठा मिळेल म्हणून कुणी कागद आणला. दोन ते सहा जनावरांसाठी ७७,१८८ रुपये, लांबी ७.७ मीटर, रुंदी ३.५ मीटर, २५० लिटरचं मूत्राचं टाकं, २०० लिटरची पाण्याची टाकी. मापं चोख होती. मी पुण्याहून फोनवर सल्ला दिला की खाली घडीव दगड, वर जुन्या लाकडाच्या मेढी, जुनीच कौलं, दिसायला काय सुंदर होईल! गोठ्यात पाच वर्षं पाय न घातलेल्या माणसाला गोठा सुंदर दिसावा असं फार वाटतं.

या सगळ्यात आई गप्प होती. थोरल्या दिरासमोर ती आजही थेट बोलत नाही. तात्या ओट्यावर, ती उंबऱ्याच्या आत, आणि मध्ये माझा चुलतभाऊ. त्याच्याकडं बघून ती म्हणाली, "तात्यास्नी इचार, शेण कुण्या अंगानं निघणार?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही. कोटेशनमध्ये शेण नव्हतं.

सहा मोठ्या जनावरांचं दिवसाला शंभर किलोच्या आसपास शेण पडतं. ते दोन वेळा पाटीत भरायचं, डोक्यावर घ्यायचं, चाळीस पावलांवरच्या उकिरड्यावर टाकायचं. मग जागा खराट्यानं लोटायची, मूत्र मोरीकडं काढायचं, पाणी पाजायचं, वैरण टाकायची. आईनं हे तेहतीस वर्षं केलं, तिच्याआधी आजीनं. कूड, माळवद, कौल, पत्रा या चारी वस्त्रांची निवड पुरुषांनी केली आणि चारींच्या खालचं शेण बायकांनी काढलं. छपराची चर्चा गावभर होते. जमिनीची कुणी करत नाही. खरा गोठा मात्र जमिनीवरच असतो. गाय दिवसाचे बारा-चौदा तास बसून काढते, तिला वरचं कौल मंगळूरचं की मोरबीचं याच्याशी काय देणंघेणं? खाली कोरडं आहे का, उठताना पाय घसरतो का, पाणी हवं तेव्हा मिळतं का, एवढं तिचं बांधकामशास्त्र. कोब्यावर बांधलेल्या गाईचे गुडघे बघा. टेंगळं येतात, खुरं वाढतात, ओल्या जागी सड टेकले की कासदाह ठरलेला. आमचा थोरला पूर्व-पश्चिम असल्यामुळं उन्हाळ्यात गार राहायचा हे खरं. पण त्याच गुणानं त्याची उत्तरेची बाजू कधीच सुकायची नाही. माझ्या लाडक्या म्हाताऱ्याला हा दोष होता, आणि तो मला आईनं सांगेपर्यंत दिसला नव्हता.

मुक्त गोठ्याची गोष्ट आईनंच काढली. फलटणकडं तिच्या माहेरच्या नात्यात एकीनं केला होता, ती बघून आली होती. दावी नाहीत. चारी बाजूंनी जाळीचं कुंपण, आत मुरमाची उंच जागा, एका बाजूला थोडं छप्पर आणि त्याखाली गव्हाण, दुसरीकडं पाण्याचा हौद. गाय हवं तेव्हा खाते, हवं तेव्हा पिते, उन्हात की सावलीत ते तीच ठरवते. शेण तुडवलं जाऊन उन्हानं वाळतं, रोजच्या रोज उचलावं लागत नाही. काही महिन्यांनी एकदम खत निघतं. चुलतभावानं हिशेब केला. गाईला छपराखाली साडेतीन चौरस मीटर आणि उघड्यावर सात, म्हशीला चार आणि आठ. खिल्लार वगळून चार गाई आणि म्हैस धरली तर छप्पर १८ चौरस मीटर, मोकळं आवार ३६. योजनेतल्या ७.७ गुणिले ३.५ च्या गोठ्याचं छप्परच २६.९५ भरतं. म्हणजे जागा दुप्पट, छप्पर मात्र तिसऱ्या हिश्शानं कमी. आणि छपराची लांबी उत्तर-दक्षिण. सकाळी सावली पश्चिमेला पडते, दुपारनंतर पूर्वेला सरकते. सावली फिरेल तशी गाई फिरतात आणि मागची जागा वाळत जाते.

तात्यांना पटलं नाही. "दावं न्हाय, दावण न्हाय, त्यो कसला गोठा? कोंडवाडा म्हना." मग करून बघायचं ठरलं. लिंबाखाली पंधरा दिवसांसाठी जाळी लावली आणि गाईंची दावी सोडली. पहिल्या दिवशी चौघी जिथं सोडल्या तिथंच रांगेनं उभ्या राहिल्या, जणू खुंट्याला बांधल्यात. संध्याकाळी म्हैस हौदाकडं गेली. दुसऱ्या दिवशी तिच्यामागं एक गाय गेली. चौथ्या दिवशी दुपारी पाचही जनावरं लिंबाच्या सावलीत पाय पसरून, मान वळवून कुशीवर डोकं टेकून झोपली होती. तात्या कुंपणाशी बराच वेळ उभे होते. बांधलेली गाय अशी झोपत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. दूध किती वाढलं त्याचा आकडा चुलतभाऊ सांगतो, पण तो उत्साही माणूस आहे.

या तऱ्हेचे दोषही आहेत, ते कोटेशनवाले सांगत नाहीत. मुरूम कमी पडला, उतार चुकला की आषाढात गुडघाभर राड होते. आमच्याकडं वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणून भागतं. कोकणात चिऱ्याच्या भिंती आणि भरभक्कम पाख सोडून कुणी असं आवार घातलं तर गाई पोहायला शिकतील. दुसरा दोष शिंगांचा. खिल्लार गाईची शिंगं लांब, मागं वळून टोकाशी सुईसारखी. तिला चाचणीच्या तिसऱ्या दिवशीच बाहेर काढावं लागलं. बोडक्या संकरित गाईंना ती वैरणीजवळ फिरकू देईना. तिला दावंच हवं होतं, आणि तात्यांना ती.

आईनं मग निकाल दिला, पुन्हा चुलतभावाकडं बघून. "एक खण ठिवा म्हनावं. त्येंचा."

ज्येष्ठात तो उतरवला. आधी पत्रे, मग कौलं. साडेचारशेपैकी तीनशे ऐंशी धड निघाली. आढ्याच्या खाचेत एक घुंगरमाळ सापडली, चामडं कुजलेलं, घुंगरं शाबूत. बैलजोडी विकली त्या बेंदरानंतर ती तिथं कुणी ठेवली ते कुणी कबूल केलं नाही. वासे उतरताना कुरकुरले. मेढी उपटायला दोन दिवस लागले, कारण जमिनीखालचा भागही अजून बाभळीसारखाच घट्ट होता. पोक आलेलं आढं तेवढं सरपणात गेलं. बैठकीत गप्प बसलेला माणूस उठून गेल्यावर जशी जागा मोठी दिसते तसं ते जोतं दिसलं. इतक्या लहान जागेत सहा जनावरं, आजीचा सगळा जन्म आणि आईचं अर्धं आयुष्य मावलं होतं.

पश्चिमेचा खण राहिला. दगडी भिंती तशाच, पण छातीच्या वरचे थर उतरवून हलक्या केल्या. माळवदाची उरलेली माती काढली आणि त्यावर जुनीच कौलं चढवली. आत खिल्लार गाय, दारात तात्यांची बाज. मुक्त गोठा त्याच्या पूर्वेला उभा राहिला, जुन्या जोत्यासकट. गाईंची खाज भागवायला चुलतभावाला विजेवर फिरणारा ब्रश बसवायचा होता. त्याची किंमत ऐकून आईनं चुलतभावाकडं पाच मिनिटं नुसतं पाहिलं. आता काढलेल्या मेढींपैकी दोन आवाराच्या मधोमध गाडल्या आहेत, अडीच फूट जमिनीत, साडेपाच फूट वर, गुळगुळीत अंग गाईच्या मानेच्या उंचीला येईल असं मोजून. म्हैस पहिल्याच दिवशी आली.